परदेशी गेलेले तीन कोटी भारतीय म्हणजे नेमके कोण?

२०२४ साली ३ कोटी ८ लाखांहून अधिक भारतीय परदेशी गेले. हा आकडा आला तेव्हा आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर त्यावरून बरीच वादावादी झाली. एकाचं म्हणणं, देश श्रीमंत झाला. दुसऱ्याचं म्हणणं, लोकांना वेरूळ-अजिंठा पाहायचं नाही, बँकॉकला जायचंय. माझी सगळी नोकरी एका बँकेच्या परकीय चलनाच्या काउंटरवर गेली. परदेशी निघालेला माणूस विमानतळावर पोचण्याआधी माझ्यासमोर येऊन बसायचा. कुठे चाललाय, कशासाठी, किती दिवस, कोणाकडे, हे सगळं मला कळायचं. त्यामुळे या आकड्यामागे चेहरे दिसतात, आणि तो उलटा वाचला गेला की मनाला लागतं.

आकडा खरा आहे. पण त्याचा अर्थ 'तीन कोटी भारतीय परदेशात फिरून आले' असा होत नाही. का होत नाही, ते आधी बघू.

मोजतात काय?

विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीत पासपोर्टवर शिक्का पडला की गृह मंत्रालयाच्या ब्यूरो ऑफ इमिग्रेशनकडे एक नोंद होते. भारतीय पासपोर्टवर देशाबाहेर पडणाऱ्यांच्या अशा वर्षभरातल्या नोंदींची बेरीज पर्यटन मंत्रालय दरवर्षी छापतं. म्हणजे मोजली जातात ती निघण्याची खेप, माणसं नव्हेत. दर महिन्याला दुबईला खेप करणारा सोन्याचा व्यापारी या हिशेबात बारा भारतीय असतो.

ही झाली पहिली गोष्ट, आणि ती लगेच लक्षात येते. दुसरी जास्त महत्त्वाची आहे आणि बातम्यांमध्ये ती जवळजवळ कधीच येत नाही. इथे पासपोर्ट बघितला जातो, राहतं घर नाही.

समजा, न्यू जर्सीत राहणारे दोघं सख्खे भाऊ गणपतीला पुण्याला आले. थोरल्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, धाकट्याकडे ग्रीन कार्ड आहे पण पासपोर्ट अजून भारताचा. दोघं एकाच विमानाने आले, एकाच विमानाने परत गेले. सरकारच्या वहीत थोरला 'भारतात आलेला परदेशी पर्यटक' म्हणून चढला. धाकटा जाताना 'परदेशी गेलेला भारतीय' म्हणून चढला. वास्तविक धाकटा कुठे गेला? स्वतःच्या घरी.

चिपळूणहून कुवेतला कामाला गेलेला माणूस वर्षातून महिनाभर गावी येतो आणि सुट्टी संपली की मुंबईहून परत जातो. तो परत जातो तेव्हा तोही या तीन कोटींत मोजला जातो. बोटीवर रुजू व्हायला सिंगापूरला निघालेला खलाशीसुद्धा.

उलट, गोरखपूरहून सोनौलीच्या नाक्यावरून बसने पशुपतिनाथाच्या यात्रेला गेलेली मंडळी या आकड्यात येत नाहीत. नेपाळला आणि भूतानला जायला भारतीयाला पासपोर्ट लागत नाही, आणि त्या खुल्या सीमेवर कोणी शिक्का मारत नाही.

आता एक साधी वजाबाकी करू. परदेशात राहणारे, पण भारतीय पासपोर्ट बाळगणारे असे किती जण वर्षात मायदेशी येतात, हेही पर्यटन मंत्रालय मोजतं. २०२४ मध्ये ही संख्या एक कोटीहून थोडी जास्त होती. आलेले परत जाणारच. तेव्हा तीन कोटी आठ लाखांमधून साधारण एक कोटी वजा केले, तर भारतात राहणाऱ्यांनी केलेल्या परदेशवाऱ्या उरतात दोन कोटींच्या आसपास. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण दिशा बरोबर आहे. त्याला आणखी एक आधार मिळतो. मंत्रालय प्रवासाच्या कारणांचाही तक्ता देतं. त्यात सुट्टी आणि सहल या रकान्यात ४० टक्क्यांहून थोडे जास्त लोक आहेत, धंदा-व्यवसायात १५ टक्क्यांच्या आतबाहेर, तीर्थयात्रेत ४ टक्क्यांच्या जवळपास, आणि 'भारतीय डायस्पोरा' (म्हणजे परदेशात वसलेले भारतीय) या नावाखाली जवळजवळ ३५ टक्के. तीन कोटी आठ लाखांचे ३५ टक्के काढा, पुन्हा एक कोटीच्या थोडं वरच येतं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

म्हणूनच 'परदेशी पर्यटक येतात एक कोटी आणि आपले जातात तीन कोटी' ही तुलना मला खटकते. भारतात आलेले परदेशी पर्यटक २०२४ मध्ये ९९ लाखांवर होते, हे खरं. पण त्या आकड्यात अनिवासी भारतीय धरलेले नाहीत आणि जाणाऱ्यांच्या आकड्यात ते धरलेले आहेत. एका पारड्यात टरफलासकट शेंगा आणि दुसऱ्यात नुसते दाणे घालून वजन केल्यासारखं होतं ते.

कोविडने दाखवलेला तळ

१९९१ साली ही संख्या होती १९ लाखांच्या आसपास. २००० साली ४४ लाख, २०१० साली १ कोटी ३० लाख, २०१९ साली २ कोटी ६९ लाख. मग २०२० मध्ये ती ७३ लाखांवर आपटली, २०२१ मध्ये ८५ लाखांवर राहिली, २०२२ मध्ये २ कोटी १६ लाखांपर्यंत चढली आणि २०२३ मध्ये २०१९ च्या पुढे गेली.

या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो २०२१ चा. त्या वर्षी भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंदच होती. २३ मार्च २०२० पासून २७ मार्च २०२२ पर्यंत ती बंद होती, आणि त्या काळात चालू होती ती फक्त 'एअर बबल'च्या (दोन देशांनी आपसांत ठरवलेल्या मोजक्या उड्डाणांच्या) करारांची, मायदेशी आणणाऱ्या मोहिमांची आणि तशीच काही खास विमानं. व्हिसा मिळत नव्हते, नाकात काडी घालून तपासणी, तिकडे गेल्यावर विलगीकरण. अशा वर्षी हौसेने कोण जाणार? तरीही ८५ लाख वेळा भारतीय देशाबाहेर पडले.

ते होते आखाती देशांत कामावर परत जाणारे, रुग्णालयांत रुजू होणाऱ्या परिचारिका, विद्यापीठात प्रवेश मिळालेली मुलं, बोटींवरचे कर्मचारी, लग्न होऊन नवऱ्याकडे किंवा बायकोकडे निघालेली माणसं. म्हणजे परदेशप्रवासाचा एक तळ असा आहे की जो काहीही झालं तरी हलत नाही, कारण त्यावर कोणाची तरी चूल अवलंबून असते. सहलींचा आकडा या तळावर चढतो आणि उतरतो. रुपया घसरला, युद्ध पेटलं, व्हिसा महागला, तर पहिल्यांदा सहली कमी होतात. रत्नागिरी-रायगडकडचा मस्कतला काम करणारा माणूस रुपया घसरला म्हणून थांबत नाही. उलट त्याच्या घरी येणारी रक्कम वाढते.

सर्वाधिक भारतीय कुठे जातात, याचं उत्तर यामुळे आपोआप मिळतं. संयुक्त अरब अमिरात पहिल्या क्रमांकावर, सुमारे चौथा हिस्सा. त्याखाली सौदी अरेबिया, जिथे नोकरीबरोबर हज आणि उमराही आहे (२०२५ साठी भारताचा हजचा कोटा १,७५,०२५ होता). इन्स्टाग्रामवर दिसतात ते बाली आणि स्वित्झर्लंड. आकड्यांत वर दिसतात ते दुबई, रियाध आणि जेद्दा.

आठ डॉलर ते अडीच लाख डॉलर

मी नोकरीला लागलो तेव्हा माझे वरिष्ठ एक गोष्ट हमखास सांगायचे. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी जाणाऱ्या भारतीयाला सोबत फक्त आठ डॉलर नेता येत. आठ. विमानाचं तिकीट काढण्याआधी रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' मंजूर करून घ्यावा लागे, आणि तिकडे खर्च कोण करणार याची हमी दाखवावी लागे. त्यामुळे परदेशी जायचं म्हणजे तिकडे कोणाकडे तरी पाहुणा म्हणून उतरायचं, आणि तो यजमान विमानतळावर आला नाही तर काय, या काळजीने अख्खा प्रवास जायचा.

हे कोणाच्या हौसेखातर नव्हतं. देशाकडे डॉलरच नव्हते. तेल, खतं, धान्य, यंत्रं यांना आधी डॉलर लागत, मग माणसांच्या प्रवासाला कुठून उरणार? १९७३ चा फेरा कायदा तर इतका कडक होता की परकीय चलनाच्या नियमाचा भंग हा फौजदारी गुन्हा होता. १९९१ साली परिस्थिती अशी आली की रिझर्व्ह बँकेला जवळजवळ ४७ टन सोनं देशाबाहेर पाठवून गहाण ठेवावं लागलं. आज परदेशी सहलीचा हप्ता भरणाऱ्या तिशीतल्या मुलांना हे सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही.

पुढे साठा वाढत गेला तसे नियम सैल होत गेले. १ जून २००० पासून फेराच्या जागी फेमा आला आणि नियमभंग फौजदारीतून दिवाणी बाबींत गेला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'उदारीकृत विप्रेषण योजना' आणली. बँकेत आम्ही तिला एलआरएसच म्हणतो. निवासी भारतीय माणसाने वर्षाला अमुक डॉलरपर्यंत रक्कम, वेगळी परवानगी न घेता, परदेशी पाठवावी किंवा तिकडे खर्च करावी, अशी ही सोय. सुरुवातीची मर्यादा होती २५ हजार डॉलर. ती वाढत २ लाखांपर्यंत गेली, ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया कोसळत असताना ७५ हजारांवर आणली, आणि २०१५ पासून ती आहे अडीच लाख डॉलर. तुमचं प्रवासाचं चलन, मुलाची तिकडची फी, नातेवाइकाला पाठवलेली मदत, परदेशी शेअर, सगळं या एकाच मर्यादेत बसतं.

या योजनेखाली प्रवासावर गेलेली रक्कम २०२३-२४ मध्ये १७ अब्ज डॉलरच्या घरात होती. योजनेतून बाहेर गेलेल्या एकूण पैशांपैकी निम्म्याहून जास्त. दहा वर्षांपूर्वी, २०१३-१४ मध्ये, हाच रकाना २ कोटी डॉलरसुद्धा नव्हता. वर्तमानपत्रांत याचे आलेख येतात, रेघ थेट आभाळाला भिडलेली असते आणि खाली लिहिलेलं असतं, भारतीयांचा परदेशप्रवासावरचा खर्च शेकडो पटींनी वाढला.

तो तसा वाढलेला नाही. २०१५ च्या आधी सहलीसाठी आणि धंद्याच्या प्रवासासाठी चलन देण्याच्या मर्यादा वेगळ्या होत्या आणि ती रक्कम या योजनेत मोजलीच जात नव्हती. २०१५ मध्ये सगळ्या सोयी एका छत्राखाली आल्या आणि प्रवासाचा रकाना एकदम भरला. मी तेव्हा काउंटरवर होतो. गिऱ्हाईकं तीच, रकमाही साधारण त्याच, अर्ज मात्र दुसऱ्या गठ्ठ्यात जायला लागले. त्यानंतर जी वाढ झाली ती मात्र अस्सल आहे. २०१८-१९ मध्ये प्रवासाचे ४.८ अब्ज डॉलर होते, तिथून १७ अब्ज.

आणि तरीही हा आकडा अपुरा आहे, बरं का. परदेशात जाऊन आपण क्रेडिट कार्डाने जे खरेदी करतो ते या मर्यादेत धरलं जात नाही. मे २०२३ मध्ये सरकारने ते धरायचं ठरवलं होतं, मोठा गदारोळ झाला आणि जूनच्या शेवटी तो निर्णय पुढे ढकलला. म्हणजे दुबईच्या मॉलमध्ये डेबिट कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड घासलं तर ती रक्कम मोजली जाते, क्रेडिट कार्ड घासलं तर नाही.

टीसीएसबद्दल, म्हणजे पैसे घेतानाच गोळा केल्या जाणाऱ्या कराबद्दल, चार शब्द सांगतो, कारण यावरून लोकांना उगाच धास्ती बसते. ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीचं पॅकेज घेताना कंपनी तुमच्याकडून पॅकेजच्या किमतीवर काही टक्के कर गोळा करते. सुरुवातीला दर ५ टक्के होता. ऑक्टोबर २०२३ पासून वर्षाला ७ लाखांच्या वरच्या रकमेवर तो २० टक्के झाला, एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख केली गेली, आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात पॅकेजवरचा दर सरसकट २ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. हा सहलीवरचा जादा कर नव्हे. तुमच्या पॅन क्रमांकावर आगाऊ जमा झालेला आयकर आहे. तो आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरलं की तुमच्या करातून वळता होतो किंवा परत मिळतो. गोची होते ती निवृत्त आई-वडिलांची. त्यांचं उत्पन्न करपात्र नसतं, म्हणून ते विवरणपत्र भरत नाहीत आणि रक्कम तिथेच पडून राहते. मुलांनी पाठवलेल्या पैशांतून सहल केली असेल, तरी पावती कोणाच्या पॅनवर आहे ते बघा आणि त्या नावाने विवरणपत्र भरा.

पासपोर्ट हा हक्क केव्हा झाला?

पैसे असले तरी १९६७ पर्यंत पासपोर्ट मिळणं हा हक्क नव्हता. सरकारची मर्जी होती. दिला तर दिला, काढून घेतला तर कारण सांगायची गरज नाही. सतवंतसिंग सहानी नावाच्या व्यावसायिकाचे पासपोर्ट परत मागितले गेले, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६७ मध्ये न्यायालयाने बहुमताने सांगितलं की परदेशी जाणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायदा केल्याशिवाय सरकार तो हिरावू शकत नाही. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. पुढे १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात, पासपोर्ट जप्त करायचा तर माणसाला बाजू मांडायची संधी द्यावी लागेल आणि कार्यपद्धती न्याय्य हवी, इथपर्यंत न्यायालय गेलं. आज कायद्याच्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या या दोन निकालांचं मूळ पासपोर्टच्या छोट्याशा पुस्तिकेत आहे, याचं मला कायम अप्रूप वाटत आलं आहे.

हक्क मिळाला तरी दार लांबच होतं. विदर्भातल्या माणसाला नागपूर, पश्चिम महाराष्ट्रातल्याला पुणे. २०१७ पासून पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्रं उघडायला लागली आणि जिल्ह्याच्या गावी काम होऊ लागलं. पासपोर्टधारकांच्या संख्येत केरळ आणि महाराष्ट्र ही राज्यं देशात सर्वांत वरची आहेत. पण सगळा देश धरला तर आजही शंभरातल्या दहा जणांकडेही पासपोर्ट नाही.

आणि सगळे पासपोर्ट सारखे नसतात. दहावी न झालेल्या बहुतेकांच्या पासपोर्टवर 'ईसीआर'ची नोंद असते, म्हणजे आखातातल्या देशांसह एकूण १८ देशांत कामाला जायचं तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली आधी मंजुरी घ्यावी लागते. दलालांनी फसवू नये म्हणून ही तरतूद आहे. तरी फसवणूक होते ती याच माणसांची, सहलीच्या व्हिसावर पाठवून तिकडे कामाला जुंपण्याची. कोणी ओळखीचा निघाला असेल तर व्हिसा कसला आहे एवढं तरी त्याला नक्की विचारा.

विमानं आणि व्हिसा

विमानांच्या बाबतीत एक जुना नियम सांगण्यासारखा आहे. २००४ पासून भारतातल्या खासगी विमान कंपनीला परदेशी उड्डाण करायचं तर आधी पाच वर्षं देशात सेवा द्यावी लागे आणि ताफ्यात वीस विमानं असावी लागत. इंडिगोचं पहिलं विमान ऑगस्ट २००६ मध्ये उडालं आणि पहिलं परदेशी उड्डाण सप्टेंबर २०११ मध्ये, पाच वर्षं भरल्या भरल्या. दरम्यान आपल्या प्रवाशांची ने-आण आखाती कंपन्यांनी केली, म्हणून युरोप-अमेरिकेला जाताना दुबई किंवा दोहात उतरायची आपल्याला सवय लागली. पाच वर्षांची अट २०१६ मध्ये गेली. २०२५ मध्ये मुंबईहून ॲमस्टरडॅम आणि मँचेस्टरला भारतीय कंपनीची थेट विमानं सुरू झाली, हा त्याचाच लांबचा परिणाम.

दुबईची तिकिटं सुट्टीत इतकी का भडकतात, यालाही कारण आहे. भारत आणि दुबई यांच्यातल्या करारात दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना आठवड्याला सुमारे ६६ हजार जागांची मर्यादा आहे आणि ती २०१४ पासून वाढलेली नाही. जागा तेवढ्याच आणि माणसं वाढली, की भाव चढणारच.

व्हिसाचं मात्र सगळं दुसऱ्याच्या हातात. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला. थायलंडला २०२४ मध्ये २१ लाखांवर भारतीय गेले, कोविडपूर्वीच्या २० लाखांना मागे टाकून. व्हिएतनामची उडी त्याहून मोठी. २०१९ मध्ये दोन लाखांहून कमी, २०२४ मध्ये पाच लाख. तिथे जादू काही नव्हती, ई-व्हिसा आणि थेट विमान एवढंच झालं. अर्ज भरायला सोपा, चार-पाच तासांत पोच, रुपयाला बऱ्यापैकी किंमत. पहिल्यांदा परदेशी निघालेल्या कुटुंबाला याहून जास्त काही लागत नाही.

युरोपचं उलटं. २०२४ मध्ये शेंगेन व्हिसासाठी भारतातून ११ लाखांहून अधिक अर्ज गेले आणि १ लाख ६५ हजार नाकारले गेले. साधारण सातातला एक. त्या वर्षी जूनपासून शुल्क ८० युरोंवरून ९० झालं, आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. चार जणांचं कुटुंब असेल तर पैसे गेलेच, वर हॉटेलची आगाऊ रक्कम आणि मुलांचा हिरमोड वेगळा. एप्रिल २०२४ पासून युरोपीय संघाने भारतीयांसाठी एक चांगली सोय केली आहे. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले असतील तर पुढे दोन वर्षांचा, अनेक वेळा ये-जा करता येईल असा व्हिसा मिळू शकतो. अर्थात ज्याला पहिलाच मिळत नाही त्याला याचा उपयोग नाही.

अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची रांग २०२२ च्या शेवटी मुंबईत शेकडो दिवसांवर गेली होती, तेव्हा मी ज्यांना ओळखत होतो त्या किती आज्या रडकुंडीला आल्या होत्या! मुलीचं बाळंतपण फेब्रुवारीत आणि मुलाखतीची तारीख त्याच्याही पुढच्या वर्षीची. बाळंतविडा बांधून तयार, डिंकाचे लाडू करून तयार, आणि जाता येत नाही. ही आजी परदेशी जाते ती फिरायला नाही, कामाला नाही, धंद्याला नाही. सहा महिने स्वयंपाक करते, बाळाला न्हाऊमाखू घालते, बर्फात अडकून बसते आणि परत येते. कुठल्याच रकान्यात ती नीट बसत नाही. माझ्या काउंटरवर मात्र निम्मी गिऱ्हाईकं अशीच होती. "दोनशे डॉलर पुरे झाले रे, तिकडे मला काय खर्च?" असं म्हणणारी.

राजकारणाचा धक्काही याच आकड्यांत दिसतो. २०२३ मध्ये मालदीवला जाणाऱ्यांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते, दोन लाखांहून अधिक. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या मंत्र्यांनी पंतप्रधान मोदींवर केलेल्या शेऱ्यांवरून वाद झाला, त्यानंतर वर्षभरात ते सव्वा-दीड लाखाच्या दरम्यान आले. मे २०२५ मध्ये पाकिस्तानची बाजू घेतल्यावरून तुर्कस्तान आणि अझरबैजानच्या सहली लोकांनी भराभर रद्द केल्या. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द बंद झाल्यामुळे आपल्या कंपन्यांची युरोप-अमेरिकेची काही विमानं लांबच्या वाटेने जाऊ लागली.

मग हे जास्त आहे की कमी?

ब्रिटनच्या रहिवाशांनी २०२४ मध्ये ९ कोटी ४० लाखांहून अधिक परदेशवाऱ्या केल्या. लोकसंख्या सात कोटींच्या आत. म्हणजे माणशी वर्षाला एकाहून अधिक. चीनमधून २०१९ मध्ये १५ कोटींवर प्रवास झाले, त्यांतले बरेच हाँगकाँग आणि मकावचे असले तरी. आपले दोन कोटी धरले, तर शंभर माणसांमागे वर्षाला दीड वारीही होत नाही. 'सगळे परदेशी निघालेत' हा जो समज आहे, तो शहरातल्या आपल्या वर्तुळाकडे बघून झालेला आहे.

मराठी घरांतून ही सवय कशी लागली, त्यात ग्रुप टूरचा वाटा मोठा, असं मला वाटतं. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये कंपनी काढली, पुढे अशा बऱ्याच कंपन्या उभ्या राहिल्या. इंग्रजी बोलायची भीती, शाकाहारी जेवणाची चिंता, फॉर्म कोण भरणार हा प्रश्न, या तिन्ही अडचणी मराठी बोलणाऱ्या टूर मॅनेजरने एकट्याने सोडवल्या. निवृत्त शिक्षक-शिक्षिकांच्या जोड्या फंडाच्या पैशांतून युरोप बघून आल्या, त्या या माणसाच्या भरवशावर. त्यांची मुलं आता मोबाइलवर तिकीट काढून स्वतःच जातात.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो, यात महाराष्ट्रातून किती जण जातात? याचं उत्तर या तक्त्यांतून मिळत नाही. विमानतळांनुसार आकडे आहेत, त्यांत दिल्ली पहिली आणि मुंबई दुसरी. पण मुंबईच्या आकड्यात सुरतचा हिरे व्यापारीही येतो आणि मडगावहून आखातात निघालेला गोवेकरही. नागपूरची मुलगी दिल्लीला विमान बदलून टोरांटोला गेली तर ती दिल्लीच्या खात्यात जमा होते, आणि पुणेकर दुबईचं थेट विमान लोहगावला न मिळाल्याने गाडी करून मुंबईला गेला तर मुंबईच्या. कोल्हापूर-सावंतवाडीकडची माणसं मोपाहून उडाली तर गोव्याच्या. शिक्का कुठे पडला ते सरकारला माहीत आहे, माणूस कुठून आला ते त्याच्या पासपोर्टच्या नोंदीत लिहिलेलं आहे. या दोन नोंदी जोडून राज्यवार तक्ता छापला, तर चिपळूण, चिंचवड आणि चंद्रपूर यांच्या परदेशवाऱ्या एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत ते दिसेल. मी त्या तक्त्याची वाट बघतो आहे.